उभं लिंग, आडवं लिंग

नांदेड, १९ ऑगस्ट २०२४

श्रीमती मंजुश्रीवहिनींस,

नमस्कार. यापुढचा मायना लिहायची माझी मनःस्थिती नाही, तेवढं समजून घ्या.

परवा फोनवर माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत तुम्ही ठेवून दिलात, त्यानंतर सात वेळा लावला तरी उचलला नाहीत. म्हणून कागदावर लिहितो. कागद तुम्हाला मधेच बंद करता येणार नाही.

आजोबांपासूनचा आपला दस्तूर आहे. घरचं स्फटिकाचं लिंग वर्षभर उदगीरला थोरल्या घरी, आणि श्रावणाचा एक महिना नांदेडला माझ्याकडे. यंदाही ते पहिल्या सोमवारी आलं. मी मे महिन्यात रिटायर झालो. बत्तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवल्यावर घरात नुसतं बसवत नाही, म्हणून गल्लीतल्या पोरांना गोळा करून प्रकाशाचे चार प्रयोग दाखवतो. दुसऱ्या सोमवारी पूजा आटोपली आणि माझ्या मनात आलं की आपल्या देव्हाऱ्यातच इतकी चांगली वस्तू आहे, तर पोरांना ती का दाखवू नये?

प्रयोग साधा आहे. पांढऱ्या कागदावर एक केस चिकटवायचा, त्यावर लिंग ठेवायचं आणि आरपार बघायचं. काच असेल तर केस एक दिसतो. खरा स्फटिक असेल तर एकाचे दोन दिसतात, कारण स्फटिकात शिरलेला प्रकाश फुटून दोन वाटांनी जातो. मी पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं की आता बघा, दोन दिसतील. शेजारचे दोघे-तिघेही येऊन उभे होते. लिंग नेहमीप्रमाणे नीट बसवलं आणि वरून एकेकाला बघायला लावलं.

वहिनी, केस एकच दिसला. चौदा पोरांनी बघितलं, मी स्वतः भिंग लावून बघितलं. केस एक. एक पोरगी म्हणाली, सर, म्हणजे ही काच आहे ना. तुम्हीच सांगा मी तिला काय उत्तर द्यायचं होतं.

आजोबांना मठातून मिळालेलं लिंग काचेचं नव्हतं. मग ते कुठं गेलं? अण्णा गेल्याला सहा वर्षं झाली. त्याच्या आजारपणाच्या अकरा महिन्यांत त्या घरातून काय गेलं आणि काय आलं, हे मला माहीत असायचं कारण नाही. तुम्हाला असणार. खुलासा करावा.

मृत्युंजय


उदगीर, २७ ऑगस्ट

मृत्युंजय,

तुझं पत्र पोचलं. लेक शिवकन्या परवाच लातूरहून येऊन गेली, पण तिच्याकडून वाचून घेतलं न्हाई. सातवी शिकलेली हाय मी, तुझं अक्षर मला लागतं.

फोन मी उचलणार न्हाई. फोनवर तू बोलतोस अन मी ऐकते. कागदावर दोघांला जागा सारखी.

मी या घरात आले तवा तू चौदा वर्षांचा होतास. तुझ्या डब्यात भाकरी मी बांधायची. कॉलेजला नांदेडला गेलास तर एस.टी.नं तूप अन लोणचं मी पाठवायची. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लई बगितले, पण वासा काचेचा हाय म्हणणारा तू पहिलाच.

सासूबाईंनी पूजा माझ्या हातात दिली तवापासून चौतीस वर्षं त्या लिंगाला मी हात लावून राहिले. वैशाखात देव्हाऱ्याची लाकडं तापतात, समई तापती, अन लिंग हातात घेतलं की तळहात गार पडतो. काच अशी गार लागत न्हाई. तिरप्या बाजूनं बगितलं तर पलीकडची विभूती दिसत न्हाई, नुसता आरसा होतो. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं न्हाई, रोज बगून कळलं. तू वर्षातला एक महिना बगतोस, तेबी तुझी बायको रत्नमाला सगळी तयारी करून देती तवा.

आजपोतर ते लिंग जमिनीवर टेकलं न्हाई, आडवं झालं न्हाई, उष्ट्या हाताला लागलं न्हाई. अन तू त्याच्याखाली केस घातलास. देवाच्या बुडाखाली केस. सासूबाई असत्या तर तुझे कान उपटले असते.

तुझ्या अण्णाचं नाव या कागदात परत घालायचं न्हाई. काय बोलायचं ते मला बोल, मी जिती हाय.

अन काचेचं हाय म्हणतोस तर ठेवून घेऊन काय करून राहिलास? श्रावण सरला की परत पाठव.

मंजुश्री


नांदेड, ५ सप्टेंबर

वहिनी,

तुमचं पत्र म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी विचारलं काय आणि तुम्ही लोणच्यावर गेलात.

हाताला गार लागतं हा पुरावा होत नाही. शहाबादी फरशीसुद्धा गार लागते, तिची कुणी पूजा करत नाही. आणि तुमचा तो आरसा काचेतही होतो. प्रकाश आतून बाहेर पडताना फार तिरपा पडला तर त्याला बाहेर निघताच येत नाही, तो आतल्या आत उलटतो आणि परत फिरतो. काही माणसांचंही तसंच असतं. आत काय शिरलं ते बाहेर म्हणून दिसू देत नाहीत.

आता शांतपणे वाचा. भांड्याच्या तळाशी नाणं टाकून पाणी ओतलं की नाणं वर आल्यासारखं दिसतं, हे तुम्ही पाहिलं असेल. हवेतून पाण्यात किंवा काचेत शिरताना प्रकाशाची चाल मंदावते आणि वाट वाकते. काच आतून सगळीकडं सारखी. कुठूनही शिरा, प्रकाश सारखाच मंदावतो, म्हणून वाट एक आणि केस एक. स्फटिकाचं तसं नसतं. त्याच्या आत कणांची मांडणी ठराविक असते, एका अंगानं वेगळी, दुसऱ्या अंगानं वेगळी. त्यामुळं प्रकाशाचे दोन भाग होतात, एक थोडा जास्त वाकतो, दुसरा थोडा कमी, आणि केसाचे दोन केस दिसतात. यात तुमच्या-माझ्या मताला जागा नाही. मी एक पाहिला. प्रकाश खोटं बोलत नाही, वहिनी. माणसं बोलतात.

देगलूरच्या माणिकप्पा काकांना मी सगळं कळवलं आहे. भावकीत तेच आता मोठे, त्यांना कळायला हवं. अण्णाचं नाव घालू नका म्हणता, पण घर चालवत होता तोच ना? किल्ल्या त्याच्याकडे होत्या की माझ्याकडे?

तुमची वस्तू परत पाठवतो आहे. नांदेड-उदगीर गाडीवरच्या केरबा कंडक्टरच्या हाती देईन. आडवंतिडवं होऊ नये म्हणून स्टीलच्या डब्यात ज्वारी भरून त्यात उभं रोवलं आहे. उतरवून घ्यायला स्टँडवर कुणाला तरी पाठवा.

मृत्युंजय


उदगीर, १३ सप्टेंबर

मृत्युंजय,

केरबानं डबा दिला. पोचल्याचं कळवते.

माणिकप्पाच्या सूनबाईचा फोन आला होता. मठात सोमवारी बायका माझ्याकडं बगून गप झाल्या. तुला हेच करायचं होतं, झालं.

लिंग डब्यातच हाय. देव्हाऱ्यात ठेवलं न्हाई.

जास्त लिहायला मला सवड न्हाई.

मंजुश्री


नांदेड, ६ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं चार ओळींचं पत्र मी दहा वेळा वाचलं. इतकं तोंड असलेली माणसं एकदम गप्प होतात तेव्हा त्याचा एकच अर्थ असतो. लिंग देव्हाऱ्यात ठेवलं नाही असं तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. खात्री असती तर ठेवलं असतं.

मी काही राक्षस नाही. अकरा महिने लातूरच्या दवाखान्यात काढणं म्हणजे काय, हे मी समजू शकतो. माणूस तेव्हा काय करेल सांगता येत नाही. अण्णानं तसं काही केलं असेल तर मी त्याला मनातून माफ करायला तयार आहे. मला फक्त खरं काय ते घरात नोंदलेलं हवं, म्हणजे पुढच्या पिढीनं काचेला स्फटिक समजून पुजू नये.

सोबत एक कागद पाठवतो. मजकूर मीच टाईप करून आणला आहे, तुम्हाला त्रास नको. “माझे पती कै. संगप्पा चंद्रप्पा बिराजदार यांनी आजारपणात घरचे मूळ स्फटिकलिंग दुसऱ्यास दिले व त्या जागी काचेचे ठेवले. ही गोष्ट त्यांनी घरच्यांपासून लपवली.” खाली तुमच्या सहीची जागा सोडली आहे. तुमच्यावर त्यात एका अक्षराचा ठपका नाही, हे बघा. सही करून पाठवा, मी माणिकप्पा काकांना दाखवीन आणि विषय कायमचा मिटवीन.

दसऱ्याच्या आत आला तर बरं.

मृत्युंजय


उदगीर, ३ नोव्हेंबर

मृत्युंजय,

दसरा गेला, दिवाळीबी गेली. तुझा कागद माझ्याजवळ हाय. काय काय झालं ते सगळं लिहिते, तुला आवडो न आवडो.

आधी हे ऐक. मी मागल्या वेळी गप झाले ते चोरी उघडी पडली म्हणून न्हाई. तू जो किडा सोडलास तो माझ्या डोक्यात शिरला म्हणून गप झाले. लातूरला अकरा महिने आम्ही होतो तवा इथली पूजा शेजारचे जंगम स्वामी करायचे. त्या अकरा महिन्यांत माझा हात लिंगाला लागला न्हाई. अन मधे एकदा तुझा अण्णा, दुकानाचं बगून येतो म्हणून, एकटाच उदगीरला दोन दिवस येऊन गेला होता. अंगात ताकद न्हाई, जिना चढवत न्हाई, तरी आला. मी तवा काही इचारलं न्हाई. तो गेल्यावर परत पूजा हातात घेतली, पण तवा माझा हात असा बधिर झाला होता की गार काय अन गरम काय.

हाताला कळतं म्हणून तुला तोऱ्यात लिहिलं, पण हे लिहिलं न्हाई. तुझं दुसरं पत्र आलं अन मला ते दोन दिवस आठवले. किल्ल्या कुणाकडं होत्या, असं इचारलं होतंस. त्याच्याकडं होत्या.

मग मी काय केलं ऐक. मी त्याच्या फोटोचा हार काढला. फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. माझ्यापासून लपवून देवाला हात घातलास का, म्हणून त्याला रोज इचारायची. मेलेला माणूस काय बोलणार. तेहतीस दिवस तो फोटो तसा होता. दिवाळीला सगळ्यांच्या घरात दिवे लागले अन मी देव्हाऱ्याचं दार लावून बसले.

पाडव्याला शिवकन्या आली. तिनं बापाचा फोटो तसा बगितला अन माझ्याशी बोलायची थांबली. तिला काय सांगू? मी तुझा कागद काढला. म्हणलं, करून टाकू सही, खरंच केलं असेल त्यानं, निदान हे बोलणं तरी मिटेल. पेन सापडंना. शिवकन्येच्या जुन्या पेटीत असेल म्हणून हात घातला तर एक वही हाती लागली. निळं कव्हर, वर तुझं अक्षर. चि. शिवकन्येस, बारावी, प्रकाश. तिनं सायन्स घेतलं तवा तू मोठ्या हौशीनं लिहून पाठवली होतीस. तवा तू बरा माणूस होतास.

मी पानं चाळली. सगळं कळलं असं म्हणत न्हाई. पण एका पानावर तू केसाचाच प्रयोग लिहिलाय, चित्र काढून. अन त्याच्याखाली जे लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवून देते.

“स्फटिकात एक दिशा अशी असते की तिथून पाहिल्यास प्रकाश फुटत नाही, प्रतिमा एकच दिसते. या दिशेला प्रकाशीय अक्ष म्हणतात. नांगरलेल्या रानात सरीच्या अंगानं चाललं की पाय सरळ पडतो, तिरकं चाललं की अडखळतो, तसं समज. स्फटिक खडकात लांबट वाढतो आणि अक्षही त्याच्या लांबीच्याच अंगानं असतो. म्हणून लांबीच्या दिशेनं पाहून निष्कर्ष काढू नये. स्फटिक आडवा-तिरपा करून पाहावा.”

त्याच्याखाली तांबड्या शाईनं, दोन रेघा मारून, “हे हमखास विसरतात.”

मी ते तीनदा वाचलं. शिवकन्येला वाचायला दिलं. ती बीएस्सी झालेली पोरगी. ती म्हणली, आई, लिंग लांबट हाय. काकांनी ते बसवून वरून बगितलं असणार. म्हणजे सरीच्या अंगानं.

मग आडवं कर, म्हणली.

मृत्युंजय, तुला ठाऊक हाय आपल्यात काय असतं ते. आपल्यात मेलेला माणूससुद्धा आडवा टाकत न्हाईत. बसवतात, बसवून पुरतात. तुझ्या अण्णाला मीच मांडी घालून बसवायला लावलं होतं, पाय वळत नव्हते तरी. अन लिंग आडवं करायचं? शिवकन्या म्हणली मी करते. मी म्हणलं न्हाई. पाप लागायचं तर मला लागू दे, तिला तिचा संसार हाय.

आंघोळ केली. काही खाल्लं न्हाई. डब्यातल्या ज्वारीतून लिंग काढलं, दुधानं धुतलं. पांढरा कागद लागतो म्हणून तुझाच कागद घेतला, मागली बाजू कोरी होती. माझ्याच डोक्याचा एक केस उपटून त्यावर चिकटवला. आधी लिंग उभं ठेवलं अन वरून बगितलं. केस एक. तुझ्या चौदा पोरांनी बगितला तसाच.

मग दोन्ही हातांनी धरलं. हात वळंना तवा शिवकन्येनं मनगट धरलं. आडवं केलं अन थोडं तिरपं फिरवलं. केसाला बाजूनं सावलीवाणी काहीतरी सुटलं, मग ते सरकलं, अन दोन केस झाले. जवळ जवळ, पण दोन. परत फिरवलं तर एक. परत तिरपं केलं तर दोन. शिवकन्येनं बगितलं. शेजारच्या लक्ष्मीबाईला हाक मारून बोलावलं, ती शाळेत गेली न्हाई कधी, ती म्हणली दोन हायेत की बाई.

लिंग खरं हाय. जे होतं तेच हाय. तुझ्या अण्णानं काही केलं न्हाई. ते दोन दिवस तो घर बगायला आला होता. शेवटचं. हे मला तवाच कळायला पाहिजे होतं, त्याला तुझ्या प्रकाशाची गरज नव्हती.

आता तू लिही. माणिकप्पाला लिही, मठाला लिही. काय लिहायचं ते मी टाईप करून पाठवत न्हाई.

मंजुश्री


नांदेड, १४ नोव्हेंबर

आदरणीय वहिनी,

तुमचं पत्र वाचल्यावर मी जुन्या कॉलेजात गेलो. प्रयोगशाळेत स्फटिकाचा एक अख्खा खडा आहे, तो मागून घेतला आणि दोन्ही अंगांनी पाहिला. लांबीच्या दिशेनं केस एक, तिरपं धरल्यावर दोन. तुमचं बरोबर आहे. वहीत लिहिलेलंही बरोबर आहे. मी उभं ठेवून वरून पाहिलं आणि निष्कर्ष काढला, हे शास्त्राला धरून नव्हतं.

बत्तीस वर्षं हेच शिकवलं, पण वयाचा परिणाम म्हणा, त्या क्षणी अक्षाची गोष्ट पार विसरून गेलो. पोरांसमोर फजिती झाली, त्या रागात पुढचं घडत गेलं. दोष माझा आहे. माणिकप्पा काकांना फोन करून सांगितलं की तपासात चूक झाली होती, लिंग अस्सल आहे. मठातही कुणाकरवी निरोप देईन.

ती वही तुम्ही इतकी वर्षं जपून ठेवली याचं मला बरं वाटलं. शिवकन्येला आशीर्वाद सांगा.

झालं गेलं आता गंगेला मिळालं असं समजू. आपल्या घरात दुसरं आहे कोण? अण्णाच्या आणि माझ्या मधे तुम्हीच होतात, आणि आता त्याच्या जागी तुम्हीच आहात. येत्या श्रावणात नेहमीप्रमाणे लिंग यावं, ही विनंती. रत्नमाला तर दोन महिने माझ्याशी धड बोललेली नाही.

तुमचा,
मृत्युंजय


उदगीर, २५ नोव्हेंबर

मृत्युंजय,

आदरणीय काढून टाक. मी होते तीच वहिनी हाय.

विसरलास म्हणतोस. विसरला न्हाईस तू. तांबड्या शाईनं दोन रेघा मारून पोरीला शिकवणारा माणूस त्याच जागी विसरंल, हे लक्ष्मीबाईलाबी पटायचं न्हाई. अन तुझाच डबा माझ्याकडं साक्षीला हाय. काच म्हणत होतास, भावकीत ओरडून सांगत होतास, अन पाठवताना ज्वारी भरून उभं रोवून पाठवलंस, आडवंतिडवं होऊ नये म्हणून. तसं तू लिहिलंबी होतंस, तुझं तुला कळलं न्हाई. काचेच्या तुकड्याला इतकं कोण जपतं? फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला असतास.

त्या सोमवारी काय झालं ते आता मी सांगते. केस एक दिसला अन तुला ठाऊक होतं की आता हे आडवं करायला पाहिजे. तुझा हात झाला न्हाई. पोरांसमोर शास्त्र सांगणाऱ्या मास्तराचा हात झाला न्हाई. झाला न्हाई याला मी काही बोलत न्हाई, माझाबी होत नव्हता. तू म्हणू शकला असतास की पोरांनो, आमच्यात हे आडवं करत न्हाईत, म्हणून मला खात्रीनं सांगता येत न्हाई. पोरं हसली असती, विषय तिथंच संपला असता. तेवढं हसू तुला सोसवलं न्हाई. त्यापेक्षा मेलेला भाऊ चोर ठरवणं सोपं गेलं. मेलेला भाऊ फोन करत न्हाई, पत्र लिहीत न्हाई.

माणिकप्पाला फोन केलास म्हणतोस. चूक झाली होती, म्हणे. बदनामी करताना चार पानं लिहिलीस अन निस्तरताना फोनवर दोन वाक्यं. मठात कुणाकरवी निरोप, तेबी अजून पोचला न्हाई.

अन तेहतीस दिवसांचं काय? फोटो मी सरळ केला. हार घातला. त्याच्यासमोर बसून माझी चूक कबूल केली. पण चाळीस वर्षांच्या संसारात मी त्या माणसावर एकदाबी शक केला न्हाई, अन तो गेल्यावर तेहतीस दिवस केला. ते माझ्या नावावर राहणार. त्यातलं काही तुला गंगेला सोडता येत असेल तर सोड, माझ्याच्यानं होत न्हाई.

तुझा कागद परत पाठवते. पुढच्या बाजूला तुझा टाईप केलेला मजकूर हाय, तो मी रेघ मारून खोडलाय अन खाली हातानं दुसरा लिहिलाय. “मी, मृत्युंजय चंद्रप्पा बिराजदार, घरचं लिंग तपासायची खरी रीत ठाऊक असताना तपासलं न्हाई, अन माझ्या मेलेल्या भावाला बेइमान ठरवलं.” सहीची जागा तू सोडली होतीस तशीच रिकामी हाय. माझ्यासाठी सोडली होतीस, आता तुझ्या कामाला येईल. सही करून एक नक्कल देगलूरला दे, एक मठात स्वतः जाऊन दे. मूळ कागद तुझ्याकडंच ठेव, त्याचं अजून काम हाय.

लिंग श्रावणात येईल. दस्तूर मी मोडणार न्हाई. तो सासऱ्यांच्या धाकट्या पोराचा हक्क हाय, तू त्याला काच म्हणलास तरी हक्क सुटत न्हाई. केरबाच्या गाडीनंच येईल, तुझ्याच डब्यात, तुझ्याच ज्वारीत, उभं.

पण देव्हाऱ्यात ठेवायच्या आधी ती चौदा पोरं बोलव. शेजारचे दोघे-तिघे बोलव. रत्नमालेला पुढं बसव. तो कागद पालथा कर, मागं माझा केस अजून चिकटलेला हाय, दुसरा शोधू नको. अन सगळ्यांसमोर तुझ्या हातानं लिंग आडवं कर. मी केलं ते शिवकन्येनं मनगट धरलं म्हणून केलं. तुझं मनगट कुणी धरायचं न्हाई.

दोन दिसले की मला फोन लाव. अण्णाचं नाव घेऊन, पोरांना ऐकू जाईल असं सांग, दोन हायेत. त्या दिवशी मी फोन उचलीन, तेवढं ऐकीन अन ठेवून देईन.

मंजुश्री संगप्पा बिराजदार